इटलीच्या गाडीला पहिल्या धारेची

मी आयुष्यात एकदाच कुणाला दारू पाजली, आणि ती एका मोटारगाडीला.

तीही जयंतीच्या दिवशी, चौदा एप्रिलला. आणि त्या गाडीत पुढच्या सीटवर कोण बसलं होतं? माझी सासू, जी दारूबंदीवर भाषण करायला निघाली होती! एवढं सांगितल्यावर खरं तर सांगायचं काही उरत नाही. पण नातवंडांना मी फार शहाणी वाटते, आणि हा गैरसमज माझ्या जिवंतपणीच मिटलेला बरा.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. सिंदेवाहीला मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. वय चौतीस, अंगात रग, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी पक्की खात्री. आमचे हे, यशवंतराव, कृषी खात्यात. दिवसभर भाताच्या लोंबीतले दाणे मोजायचे. अशा माणसाला घाई माहीत नसते. मला तीच तेवढी माहीत होती.

एकदा काही कामानं आम्ही दोघं शेजारच्या मूल गावाला गेलो, परतीची एसटी चुकली, आणि वेळ काढायला रहीमभाई मिस्त्रींच्या गॅरेजच्या आवारात जाऊन बसलो. तिथे चिंचेखाली ती उभी होती.

रंग कच्च्या कैरीचा, जिथे उरला होता तिथे. नाक गोल, डोळे मोठाले, आणि चेहऱ्यावर भाव असा की 'बघून घ्या, रोज दिसत नाही मी!' दारं उलटी, म्हणजे पुढच्या बाजूनं उघडणारी. बाकीच्या गाड्यांतून लुगडं सावरत बाई उतरते ती वाकडीतिकडी होऊन. हिच्यातून उतरायचं ते समोर पाय टेकून, ताठ, राणीसारखं! मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिलाही जागा आवडलेली दिसत होती.

"इटली की है म्याडम," रहीमभाई म्हणाले. "बोटीनं आली बंबईले. खदानीच्या साहेबानं आणली होती. ऐसा माल अब बनता नहीं."

"चालते का?" ह्यांनी विचारलं.

"चलती है ना साहेब. मूड हुआ तो उडती है!"

"अन् मूड नाई झाला तं?"

"तो साहेब, कधी कधी तं आपणबी बसतोच ना!"

ह्यांनी तिथेच खिशातून वही काढली आणि दोष लिहायला घेतले. रेडिएटर पाणी फार पितो. हॉर्न दाबला की वायपर फिरतो. हँडब्रेकच्या जागी विटा. रहीमभाई शेजारी बसून मदत करत होते: "लिहा साहेब, डावा काच बी खाली होत नाई."

"सुमन, हिचा पार्ट मोडला तं भेटन कुठी?"

"इटलीत!"

"अन् इटली कुठी हाये, माहीत हाये का तुले?"

"भूगोल मी शिकवते, तुम्ही नाही!"

झालं. गाडी ठरली. फक्त रहीमभाईंनी एक अट घातली: कोंबडीची पिल्लं निघेपर्यंत ताबा मिळणार नाही. मी अकरा दिवस थांबले. (त्यात तीनदा एसटीनं मूलला जाऊन कोंबडीची तब्येत विचारून आले. माझ्या बाळंतपणात एवढी चौकशी कुणी केली नव्हती.)

आणि खरं सांगते, त्या गाडीनं मला जे दिलं ते कुणी दिलं नाही. रहीमभाईंनीच मला चालवायला शिकवलं. मी स्टीअरिंगला लटकलेला गिअर ओढून, हॉर्न वाजवत, कडक उन्हात वायपर फिरवत शाळेच्या फाटकातून आत शिरले की चौथीच्या पोरी बाकावरून उठून टाळ्या वाजवायच्या. चढावर ती दमायची, तेव्हा तिच्याशी दोन शब्द प्रेमानं बोलावे लागायचे. हे हसायचे. पण एकदा मी माहेरी असताना हेच गाडी घेऊन चढावर अडकून पडले, तेव्हा रस्त्यावरच्या लोकांनी ह्यांना डॅशबोर्डवरून हात फिरवत "चाल ना बाई, चाल ना" म्हणताना पाहिलं आहे. तिची खोड एकच, पाण्याची. दर पंधरा-वीस मैलांवर घोटभर लागायचंच. म्हणून मागे पाण्याचे दोन डबे कायम भरलेले.

आता आत्याबाईंविषयी. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाई म्हणजे पांढरं लुगडं, हातात काठी आणि तोंडात जे मनात असेल ते. मामाजी, म्हणजे सासरे, दारूपायी गेले. आत्याबाईंनी धान कापून, तेंदूपत्ता तोडून लेकराला शिकवलं, आणि मग काठी घेऊन दारूच्या भट्ट्यांपुढे उभ्या राहिल्या. त्यांचं नाव ऐकून मुलचेऱ्याच्या अलीकडच्या एका गावानं त्यांना जयंतीला बोलावलं. माईकवर, स्टेजवर, आयुष्यात पहिल्यांदा! त्या गावच्या बायांनी भट्ट्या बंद करायचा ठराव मांडायचं ठरवलं होतं, आणि निम्मे पुरुष अडून बसले होते. आत्याबाई बोलल्या तर ठराव होईल, नाहीतर नाही, असा एकूण मामला.

"मी पहाटच्या एसटीनं जातो," आत्याबाई म्हणाल्या. (आमच्याकडे बायाही 'जातो'च म्हणतात.)

"एसटीनं? गाडी असताना?" मी.

"सुमन, अकरा वाजता सभा हाये," हे म्हणाले. "सव्वाशे किलोमीटर. एप्रिलचं ऊन."

"आत्याबाई, मी तुम्हाला अकराच्या आत स्टेजसमोर उतरवते. शब्द देते!"

आत्याबाईंनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "दे बाप्पा. पन सभा चुकली तं त्या बायायले तोंड तू दाखवजो, मी नाई."

जयंतीच्या सकाळी मी गाडी धुतली, निळ्या पताका बांधल्या, बॉनेटवर झेंडूचा हार घातला. मागे गावच्या लेकरांसाठी बुंदीचं पिंप ठेवलं. आणि इतक्या देखण्या गाडीत ते पोचे आलेले पाण्याचे डबे फारच गबाळे दिसत होते, म्हणून ते काढून अंगणात ठेवले. वाटेत हापसे आहेतच की! (वाचकहो, ही माझी पहिली चूक. दुसरी यायची आहे.)

गडचिरोलीपर्यंत गाडी अशी गेली की ह्यांनीही घड्याळ पाहून मान डोलावली. तिथे हापशावर पाणी पाजलं. चामोर्शीला पुन्हा पाजलं. मग जंगल लागलं, ऊन चढलं, आणि एका उतारानंतर बॉनेटमधून फुस्स करून वाफ आली. गाडी कडेला लागली. घड्याळात सव्वादहा. गाव अजून आठ-नऊ मैल.

"डबे?" हे म्हणाले.

मी हाराकडे बघत राहिले.

"सुमन, डबे कुठी हायेत?"

"अंगणात."

हे छत्री उघडून पाण्याच्या शोधात निघून गेले. आत्याबाई लांब एका झाडाखाली बसून ओठांतल्या ओठांत भाषण घोकू लागल्या. आणि मी नाल्यात उतरले. नाला कोरडा ठणठणीत. पण वळणावर, जांभळीच्या गार सावलीत, वाळूत अर्धं पुरलेलं एक मडकं! वर पळसाची पानं नीट बांधलेली. पानं सोडली, आत बघते तर काठोकाठ भरलेलं, नितळ, थंडगार!

माझं मन भरून आलं. आम्ही शहाणे लोक पाटी लावून, फीत कापून पाणपोई उघडतो. आणि इथे जंगलातल्या कुणा माणसानं वाटसरूसाठी न सांगता पाणी ठेवलेलं! यावर शाळेत निबंध लिहून घ्यायचा, असंही मी ठरवलं. वास आला नाही का, असं विचाराल. आठवडाभर मला असं पडसं झालं होतं की नाकापुढे फोडणी जळाली तरी कळत नव्हतं.

गरम इंजिनात एकदम पाणी ओतायचं नाही, हे रहीमभाईंनी शिकवलेलं. मी शिस्तीत वीस मिनिटं थांबले, मग रेडिएटरचं झाकण उघडलं, आणि सगळं मडकं तिच्या घशात रिकामं केलं. (आत्याबाईंना आधी ओंजळभर द्यावं, असं क्षणभर मनात आलं होतं. 'गाडी महत्त्वाची' असं म्हणून मी तो विचार सोडला. आजही कधीकधी मी या आठवणीनं दचकते.) मडकं परत जागेवर ठेवलं आणि आभार म्हणून त्यात पानात बांधलेली मूठभर बुंदी ठेवली. संस्कार!

हे रिकाम्या हातानं परत आले, तर मी इंजिन चालू करून बसलेली. "मिळालं?"

"मिळालं! माणुसकी आहे जगात!"

आणि काय सांगू, गाडी सुटली! चढ नाही की उतार नाही, अशी ती आयुष्यात पळाली नव्हती. मी तर गाऊ लागले. दोन मैल गेले असतील, आत्याबाईंनी नाक वर केलं.

"यशवंता, वास कायचा येऊन राह्यला?"

"मोहाचा, आई. चैत महिना हाये. जंगलभर फुलं पडून राह्यली."

"फुलाचा वास मले नको शिकवू. हा फुलाचा नोहे."

"तं कायचा?"

"तुह्या बापाचा."

मी गाणं थांबवलं.

अकराला पाच कमी असताना आम्ही गावात शिरलो. मांडव भरलेला. एका बाजूला पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. मी शब्द दिल्याप्रमाणे गाडी नेमकी स्टेजसमोर उभी केली आणि विजयानं हॉर्न दाबला. वायपर फिरला. आणि त्याच क्षणी बॉनेटच्या फटींतून, झेंडूच्या हाराला वळसे घालत, पांढऱ्या वाफेचा भलामोठा लोट बाहेर पडला आणि मांडवावर पसरला.

आधी पुरुषांची बाजू जागी झाली. शेवटच्या रांगेत पेंगत असलेला एक जण तर कुणी नावानं हाक मारल्यासारखा उठून उभा राहिला! मग बायांनी पदर नाकाला लावले. मग सगळा मांडव आमच्याकडे बघू लागला. ह्यांनी बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या तोंडाशी नाक नेलं, आणि दाणे मोजणाऱ्या माणसाच्या शांतपणे मला विचारलं, "सुमन, हे पाणी तू कुठून आणलं?"

"नाल्यातून. मडक्यातून. पानं बांधली होती..."

"पानं बांधली होती," हे म्हणाले, आणि छत्री उघडून उभे राहिले. मांडवाच्या सावलीत!

तोवर पुरुषांकडून आवाज आलाच: "दारूबंदीवाली बाई सोबत घेऊनच आली बे!" हशा पिकला. दोघांनी पुढे होऊन मागचं पिंप उघडायला लावलं. निघाली बुंदी. तरी कुणाची खात्री पटेना, कारण वास खोटं बोलत नव्हता. गावचे अध्यक्ष आत्याबाईंजवळ येऊन हळूच म्हणाले, "आजी, आजच्या दिवस तुम्ही नुसत्या बसा. भाषण पुढच्या साली घेऊ. लोकं चर्चा करून राह्यले."

आत्याबाई उलट्या दारातून उतरल्या खऱ्या, समोर तोंड करून, ताठ. पण स्टेजकडे न जाता बाजूच्या खुर्चीकडे वळल्या. भट्टीवाल्यांसमोरही त्यांना मी कधी मागे फिरलेलं पाहिलं नव्हतं. समोर त्या गावच्या बाया मान खाली घालून बसलेल्या. आणि हे सगळं माझ्या पाणपोईमुळे!

मी कुणाला न विचारता स्टेजवर चढले आणि माईक धरला. "मी सुमन. मी मास्तरीण आहे. मुलांना मी विज्ञान शिकवते. आणि आज मी नाल्यात ठेवलेलं मडकं पाणपोई समजून गाडीत ओतलं. आत्याबाईंना यातलं काही माहीत नाही. त्यांना तर अजून पाण्याचा घोटही मिळालेला नाही."

क्षणभर कुणाला हसावं की नाही कळेना. तेवढ्यात मागून एक म्हातारा आला. काखेत रिकामं मडकं, हातात माझी बुंदी, पानासकट. जंगलातल्या पाड्यावरचे लालसूबावा. सभेला येणाऱ्या एका ट्रकात बसून वासामागं आले होते.

"कोन व्हय ते बाई?" त्यांनी विचारलं. सगळ्या मांडवानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"बाबा, माझं चुकलं," मी स्टेजवरून हात जोडले.

"विकाची नव्हती बाई. आमच्या देवाच्या कामाची होती." म्हातारबुवांनी गाडीभोवती एक फेरी मारली. उलटी दारं पाहिली, हार पाहिला, गोल नाकावर हात ठेवला. मग म्हणाले, "पहिल्या धारेची होती. इंजिनालेच पाजाची होती तं सांगाचं ना, दुसऱ्या धारेची दिली असती!"

मांडव कोसळायचाच बाकी राहिला. बायासुद्धा पदरात तोंड घालून हसल्या. माझी अब्रू गेली, पण आत्याबाईंची परत आली. अध्यक्षांनी निमूट माईक त्यांच्याकडे वळवला. आणि आत्याबाईंनी घोकलेलं सगळं भाषण सोडून दिलं.

"हसा," त्या म्हणाल्या. "माह्या सुनेनं गाडीले पाजली. कशी आली गाडी, पाह्यलं ना?"

"झकास आली आजी!" पुरुषांतून एक ओरडला. "घोड्यासारखी!"

"आली ना? माहा नवराबी पयल्यांदा असाच घोड्यासारखा पळे. धानाचं पोतं एकटा उचले. मीच म्हणो, घेते थोडी तं घेऊ दे, काम तं करते!" शेवटच्या रांगेत उठून उभा राहिलेला तो गडी हळूच खाली बसला. "मंग एक दिवस उठलाच नाई." आत्याबाईंनी काठी माझ्याकडे केली. "सुमन, लाव गाडी. येतानी पाह्यली सगळ्यायनं. जातानी पाहू दे."

ही गाडी आता झोकात सुरू झाली तर? भाषण, ठराव, सगळं तिच्या धुरात जाईल! इतकी वर्षं मी तिला 'चालू हो गं माझी बाई' म्हणून विनवलं होतं. त्या दिवशी, साऱ्या गावासमोर, डॅशबोर्डवर हात ठेवून मी मनात म्हटलं, 'आज नको गं. आजच्या दिवस माझं ऐक, नको!'

किल्ली फिरवली.

घुर्र... घुर्र... खळ्ळ.

पुन्हा फिरवली. घुर्र. मग तेही नाही. डुलक्या घेणाऱ्या माणसाची मान पडावी तशी ती गप्प झाली.

माझी खात्री आहे, त्या गाडीला कळत होतं. रहीमभाईंनी नंतर उन्हानं पेट्रोल तापलं वगैरे कारणं सांगितली. मी ती ऐकून घेतली. पण एवढी वेळ साधणं नुसत्या लोखंडाला जमतं का, तुम्हीच सांगा!

बायांच्या बाजूनं पहिली टाळी पडली. मग थांबेचना. ठराव तिथल्या तिथे झाला. लालसूबावांच्या पाड्याचं देवाचं तेवढं वगळून. ते आत्याबाईंनीच "देवाचं देवाले, बाजारात नाई" असं तीनदा लिहायला लावलं. मग ठरावाला अडून बसलेले निम्मे पुरुष कामाला लावून त्यांनी गाडी विहिरीपर्यंत ढकलत नेली. बायांनी घागरीमागून घागर ओतून तिचं पोट धुतलं. प्रत्येक घागरीला एक जण वाकून वास घेई आणि "अजून हाये" म्हणे. (हे काम त्या मघाशी उठून उभ्या राहिलेल्या माणसाला दिलं होतं. त्यानं ते फार मन लावून केलं.)

ऊन उतरल्यावर मी किल्ली फिरवली, आणि पहिल्याच झटक्यात, काही झालंच नाही अशा थाटात, ती सुरू झाली. पुढे नऊ वर्षं तिनं आम्हाला साथ दिली. दोन लग्नांचे नवरदेव तिनं आणले, आणि रहीमभाईंच्या नातीनं गाडी चालवायला शिकताना तिचंच स्टीअरिंग धरलं. पार्ट एकही इटलीहून आणावा लागला नाही.

परतताना आम्ही चामोर्शीला पोचलो. हे मागे बुंदीच्या रिकाम्या पिंपाशेजारी छत्री धरून बसलेले. तिथे हापशावर गाडी थांबवून मी आधी गाडीला पाजलं, मग तांब्या भरून आत्याबाईंसमोर धरला. त्यांनी तांब्या हातात घेतला, नाकाशी नेला, बराच वेळ तसाच धरून ठेवला, आणि म्हणाल्या:

"पुढच्या साली तीन गावचं बोलावणं आलं हाये, सुमन. याच गाडीनं जाऊ, मले आवडली. पन आजपासून तुह्या हातचं पानी मी हुंगल्याबिगर पेणार नाई."